कोबेच्या मुली आणि कारंज्याची दोरी

दोरी म्हटली की कोणाला विहीर आठवते, कोणाला बैल. मला माझी नोकरी आठवते. कारंज्याच्या शाळेत मी ड्रिल मास्तर होतो, आणि ड्रिलपेक्षा जास्त वेळ मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवण्यात घालवला. संपादकांनी यंदा निरोप पाठवला की मास्तर, लढाईच्या आधी तुम्ही पोरांच्या पथकाबरोबर जपानला जाऊन आलात, तर दिवाळी अंकासाठी जपानवर लिहा. खरं सांगायचं तर मी जपान पाहिलं ते एका बंदराएवढं आणि एका शाळेएवढं. तिथला तो नावाजलेला डोंगर आमच्या वाटेवर नव्हता, आणि फुलांचा हंगाम आम्ही पोचण्याआधीच उरकला होता. प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं पान उघडावं. मला एका दुपारबद्दल लिहायचं आहे आणि त्या दुपारनं माझ्या मागं लावून दिलेल्या कामाबद्दल.

आधी आमचा धंदा समजावून सांगतो. मल्लखांब म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे लाकडी खांब येतो. शिसवीचा खांब जमिनीत पुरलेला, एरंडेल तेल चोपडलेला, आणि त्यावर लंगोट लावलेला मुलगा बघता बघता उलटा होतो. तेल नसेल तर घासून कातडी सोलून निघते. आणि लंगोटाचं कारण असं की तेलकट लाकडावर कातडी पकड घेते, कापड घेत नाही. दोरीचा मल्लखांब हा या खांबाचा धाकटा भाऊ. पूर्वी तो वेतावर करत. चांगला लांब वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोरी आली. ती वरून टांगायची, अंगठ्याएवढी जाड, कुठेही गाठ नाही आणि तेल तर बिलकुल नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची आणि त्या पकडीवर अंग वर न्यायचं. ही अंगठ्याची पकड बसायला आमच्या पोरांचा सबंध पावसाळा जातो. बेचकं सोलतं, रक्त येतं, आई हळद भरते आणि बाप मला शिव्या घालतो.

खांबवाले आम्हा दोरीवाल्यांना जरा खालच्या पंगतीतच बसवत. दोरी म्हणजे माकडांचा खेळ, असं एक पहिलवान माझ्या तोंडावर म्हणाला होता. एकदा तर कापसाचे एक वजनदार आडते पोट उतरवायला माझ्याकडे आले. दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळले आणि घाबरून म्हणाले, "मास्तर, वर जायचं मंग पाहू, आंदी मले खाली कसं येऊ थे सांगा." त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. मी आणि माझी पोरं पोट धरून हसलो. त्या माणसानं किती शहाणा प्रश्न विचारला होता, ते कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. उंच, गोरे, काळ्या कोटातले, बोलण्यात पटाईत. वऱ्हाडातली निवडक पोरं घेऊन पूर्वेकडच्या बंदरांमधून आपले देशी खेळ दाखवत जायचं ही कल्पना त्यांचीच. सिंगापूर, हाँगकाँग आणि शेवटी कोबे. कोबेला आपल्या लोकांची चांगली वस्ती होती. आमच्या कारंज्याच्या जिनातून निघालेल्या कापसाच्या गाठी त्या बंदरात उतरत, त्यामुळे तिथल्या एका गुजराती शेठजींना आमच्या गावाचं नाव तोंडपाठ होतं. त्यांच्या आवारात आमचा खेळ झाला. खांबाला टाळ्या मिळाल्या, दोरीलाही थोड्या मिळाल्या. शेठजी खूष होऊन म्हणाले, उद्या एका शाळेत चला, मी बोलणं करून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्या भरून गेलो. एका गाडीत पोरं, एका गाडीत तरटात गुंडाळलेला खांब आणि तेलाचा डबा. पोरांनी वेळ वाचावा म्हणून पायजम्याच्या आतून लंगोट कसूनच ठेवले होते. फाटकातून आत शिरलो आणि वकीलसाहेब जागच्या जागी थांबले. मैदानावर रांगा लावून आमच्या स्वागताला शाळा उभी होती, आणि त्या सगळ्या रांगांमध्ये एकही मुलगा नव्हता.

"शेठजी, ही तर मुलींची शाळा आहे," वकीलसाहेब म्हणाले.

शेठजी म्हणाले, हो, माझी मुलगी इथंच शिकते. त्यांना यात काही अडचण दिसतच नव्हती. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, एकाही पोरानं अंगावरचा कपडा काढायचा नाही. लंगोटावर पोरं या मुलींपुढे उभी राहिली तर उद्या आपल्या गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा धनू हा आमचा खांबावरचा सगळ्यात तयार गडी. तो म्हणाला, "मास्तर, पायजमा घालून तेलाच्या खांबावर? म्या तं पयल्याच उडीत भुईवर येईन."

त्याचं खरं होतं. खांब गाडीतच राहिला. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण दोरी चड्डी-बनियन घालून करता येते. ज्या दोरीला जहाजावर कोणी विचारत नव्हतं, तिच्यावर आता सगळ्या पथकाची अब्रू टांगली होती. मला बरं वाटलं नाही असं म्हणणार नाही.

आम्हाला एका लांबलचक दालनात नेलं. खाली लाकडी फळ्यांची जमीन, इतकी घासलेली की पोरं आपली तोंडं वाकून पाहू लागली. दाराशी सगळ्यांनी जोडे काढले. शाळेच्या शिपायानं शिडी लावली, मी वर जाऊन आढ्याला दोरी बांधली आणि दोनदा लोंबकळून खात्री केली. एक वर्ग ड्रिलच्या पोशाखात समोर बसला, सैल चड्ड्या आणि पांढरे सदरे. बाकीच्या मुली भिंतीकडेनं. मोठ्या बाई वयस्कर होत्या, ठेंगण्या, गडद रंगाच्या त्यांच्या देशी पेहरावात. त्या खुर्चीवर न बसता मुलींमध्येच बसल्या.

माझ्या पोरांनी झकास काम केलं. धनूनं दोरीवर निद्रासन केलं, म्हणजे पायाच्या अढीत दोरी अडकवून हवेत आडवं झोपून जाणं. तेव्हा मुलींनी श्वास रोखल्याचं ऐकू आलं. खेळ संपला तशी मोठ्या बाईंनी शेठजींमार्फत विचारलं, आमच्या मुलींनी करून पाहिलं तर चालेल का?

वकीलसाहेब हसून म्हणाले, अवश्य. मी शेठजींना सांगितलं, त्यांना समजावून सांगा, हे आज जमायचं नाही. अंगठ्याची पकड बसायलाच महिने लागतात, नुसता हात लावून पाहू द्या. शेठजींनी ते सांगितलं असावं, कारण मुली एकमेकींकडे पाहून तोंडावर हात धरून हसल्या. फुमी नावाची एक बारकी, काळ्याभोर भुवयांची मुलगी उठली. तिनं पायमोजे काढले. ते मोजेही कसे, तर अंगठ्याला वेगळं घर असलेले. मी धनूला दाखवायला सांगितलं, त्यानं एकदा दोरी पायात धरून दाखवली.

फुमीनं दोरी बेचक्यात धरली आणि वर गेली. दुसरं पाऊल, तिसरं पाऊल, मध्ये थांबणं नाही. माझा तर विश्वास बसेना. तेवढ्यात दाराशी ओळीनं मांडलेली त्यांची पादत्राणं माझ्या नजरेस पडली. आपल्या साधूंच्या खडावांसारखे लाकडी जोडे, पण खुंटीऐवजी कापडी पट्टा, आणि तो पट्टा अंगठा नि शेजारचं बोट यांच्यामध्ये धरायचा. चालायला लागल्यापासून या मुली अंगठ्यानं काहीतरी धरूनच चालत होत्या. आमची पोरं पावसाळाभर रडून जे शिकत ते यांच्या पायात आयतंच होतं.

फुमी आढ्यापर्यंत पोचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं खाली पाहिलं आणि दोरीला मिठी मारली.

चूक माझी नव्हती, पण आमच्या सगळ्या तालमीची होती. आपल्याकडे चढायलाच इतके दिवस लागतात की तेवढ्यात उतरणं आपोआप अंगात येतं. उतरणं म्हणून वेगळं काही शिकवायचं असतं हे आम्हा वस्तादांना कधी सुचलंच नव्हतं. चढताना डोळे वर असतात. उतरताना पायाखालचं काही दिसत नाही आणि न बघता पकड सैल करावी लागते. ही मुलगी एका दमात वर गेली होती आणि उतरायचं कसं ते तिला कोणी दाखवलंच नव्हतं. ड्रिलच्या बाईंनी खालून काही सांगितलं, तशी तिनं डोळे मिटून घेतले. शिपाई शिडी घेऊन केव्हाच गेला होता, त्याला बोलवायला कोणी धावलं. हातातली ताकद शिडीची वाट पाहत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या उंचीवरून फळ्यांवर पडली असती तर पाय तरी मोडला असता, नाहीतर मान.

मी दोरीला हात घातला. वकीलसाहेबांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, थांबा. परमुलखातली मुलगी आहे. अंगाला हात लागला तर काय म्हणतील?"

"पायालाच लावतो, साहेब," मी म्हणालो. "पायाला हात लावला तर कोण काय म्हणणार?"

आपल्याकडे पायाला हात लावणं म्हणजे नमस्कार. तिकडं त्याला काय समजतात ते मला आजही माहीत नाही, आणि त्या वेळी विचारत बसायला सवड नव्हती. मी तिच्या पावलांच्या खालपर्यंत गेलो, पायांची अढी मारून एक हात मोकळा केला. दोघांचं वजन त्या दोरीवर होतं आणि वरची गाठ मीच मारलेली होती, म्हणून गाठीची भीती वाटली नाही. मी तिच्या टाचेला हात लावला. तिनं पाय आखडला. मी तिथंच थांबलो आणि मराठीत बोलत राहिलो, दुसरी भाषा येतच नव्हती तर काय करणार. "भिऊ नको माय, मी हावो ना खाली." आवाज ऐकून तिचा श्वास जरा खाली बसला. मग एका पायाचा अंगठा मी बोटानं उघडला, पाऊल हातभर खाली आणलं, दोरी परत बेचक्यात बसवली आणि वरून दाबली. मग दुसरं पाऊल. अर्ध्यावर आल्यावर ती स्वतःहून पकड सोडून पाऊल खाली घेऊ लागली. शेवटी मी उडी मारून बाजूला झालो आणि ती एकटी उतरली.

जमिनीवर आल्यावर ती माझ्यापुढे कमरेत वाकली. मीही वाकलो. ती परत वाकली, म्हणून मी परत. हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण मोठ्या बाई मध्ये आल्या.

मला वाटलं, आता दोरी सोडायला सांगतील. आपल्याकडची कोणतीही शाळा असती तर तेच झालं असतं, वर आणखी मास्तरला जबाब विचारला असता. बाईंनी शेठजींना सांगितलं, आता या वर्गातल्या प्रत्येक मुलीला उतरायला शिकवा. चढणं राहू द्या.

प्रत्येक मुलीला म्हणजे खरोखर प्रत्येक. चष्मेवाली होती, जाड होती, एक तर रडतच आली. कोणाला सूट नाही आणि कोणाचं कौतुकही नाही. मी आणि धनू मुलींना माणूसभर उंचीवर चढू देत होतो आणि पकड सोडत खाली आणत होतो. पडली ती उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत होती. दुपार त्यातच गेली, आमच्या लाठी-लेझीमचा कार्यक्रम राहूनच गेला. तोवर माझ्या नोकरीत मी चांगलं पोर हेरून पुढं काढत आलो होतो आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवायला बसवत आलो होतो. त्या रांगेकडे पाहून मला माझ्या मास्तरकीची लाज वाटली आणि हेवाही वाटला.

निघायच्या वेळी पोरं दोरी गुंडाळत होती. मी वकीलसाहेबांशेजारी उभा होतो. मोठ्या बाईंनी काही विचारलं आणि शेठजींनी त्याचं हिंदी केलं, "बाई पूछती हैं, आपके गाँव की लड़कियाँ कितना ऊपर चढ़ती हैं?"

वकीलसाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "सब चढ़ती हैं," ते म्हणाले. "हमारे यहाँ तो घर घर की लड़की चढ़ती है."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी वळून ते मुलींना सांगितलं आणि साऱ्या दालनानं आमच्या गावच्या मुलींसाठी टाळ्या वाजवल्या. फुमी तर हात वर करून वाजवत होती. ज्या मुलींसाठी त्या टाळ्या होत्या त्यांतली एकही कारंज्यात नव्हती. दोरी सोडाच, शाळेतही मुली होत्या त्या मोजक्या. माझे कान तापले. मी खाली पाहत राहिलो.

परतीच्या जहाजावर मी ते साहेबांकडे काढलं. "साहेब, आपल्या गावची एक तरी मुलगी दोरीला हात लावते का?"

"परमुलखात गावाची अब्रू राखावी लागते, मास्तर. तिथून कोण बघायला येतंय?"

"मग आपण ते खरं करून टाकू."

"काय खरं करायचं?"

"घरोघरच्या मुली."

साहेब मोठ्यानं हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आधी तुमच्या घरची चढवा, मग माझ्याकडे या. आणि मी जे बोललो ते या बोटीच्या बाहेर जाता कामा नये." मी शब्द दिला. पण त्याच घटकेला मनाशी ठरवलं की त्या दालनात वाजलेल्या टाळ्यांचं देणं फेडल्याशिवाय नोकरी सोडायची नाही.

पुढं लढाई लागली आणि जपान शत्रू झालं. लढाईच्या शेवटी कोबे जळाल्याचं वर्तमानपत्रात आलं. गावात कोणी ते वाचून दाखवताना खूष होत होतं. मी घरी येऊन जेवलो नाही. ते दालन उभं राहिलं का, फुमी कुठं असेल, हे विचारायला माझ्याजवळ कोणाचा पत्ताही नव्हता.

पण ते नंतरचं. जपानहून परतलो तेव्हा घरी माझी मुलगी काशी नऊ-दहा वर्षांची होती. आमचं घर माळ्याचं. गावाबाहेर विहिरीवर मेथी, पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला. बायको आणि काशी पहाटे बाजारासाठी जुड्या बांधत. मी आल्यावर दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळच्या चिंचेला दोरी टांगली, तशी बायको जुड्या बांधता बांधता म्हणाली, "हे काहून?"

"काशीले चढवतो."

"तिच्या लग्नाचं काई मनावर हाये का नाई तुमाले? हात-पाय मोडला तं कोन करनार तिले?"

तेवढ्यात माझं लक्ष काशीच्या पायाकडे गेलं. केळीच्या सोपटाची पट्टी तिनं अंगठा आणि बोट यांच्यात पक्की धरली होती, दोन्ही हातांनी जुडीला वेढा देऊन पट्टी ताणत होती, आणि अंगठा तसूभरही सरकत नव्हता. माझी आई असंच करायची, बायको असंच करत होती. पकड शोधायला मी कोबेपर्यंत गेलो आणि ती माझ्याच ओट्यावर रोज पहाटे मेथी बांधत बसलेली होती. मी बायकोला म्हणालो, "तूच पाह्य मंग, मोडते का."

या वेळी मी शहाणा झालो होतो. आधी शिडीवरून मुलीला वर न्यायचं आणि दोरीवरून उतरवायचं. कितीतरी दिवस नुसतं उतरणंच. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बघे जमत. एक म्हातारा म्हणायचा, "मास्तराचं डोस्कं जहाजावरच राह्यलं वाटते. पोरीले शिडीनं चढवून राह्यला अन् दोरीनं उतरवून राह्यला." मी ऐकून घ्यायचो. जेव्हा काशीला चढायची परवानगी दिली तेव्हा ती चिंचेच्या फांदीला हात लावून आली आणि म्हणाली, "बाबा, हे तं सोपं हाये."

तिला पाहून आमच्या गल्लीतल्या आणखी पोरी आल्या. बायका भांडायला आल्या, "आमच्या पोरीले माकड करता का मास्तर?" बाप आले. एका बापानं दोरी कापली. मी नवी आणून टांगली, त्यानं तीही कापली, मी आणखी एक आणली. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. मुली येत होत्या आणि काही मध्येच नाहीशा होत होत्या, कारण लग्नं ठरायची. चांगली तयार झालेली पोर सासरी निघाली की मला माझंच काही हरवल्यासारखं व्हायचं, ती खंत अजून आहे.

मी साहेबांकडे गेलो, म्हटलं, घरच्या चढल्या, आता मुलींच्या शाळेत दोरी लावू द्या. साहेब म्हणाले, "माळ्यांच्या पोरी झाडावरही चढतात, त्यात नवल काय? घरंदाज मुली कुठं आहेत तुमच्याकडे?"

बोलणं मला लागलं. पण खरं बघता त्यांनी मला कामाचं उरलेलं अर्धं दाखवून दिलं होतं. घरोघरच्या म्हणजे त्यांच्याही घरच्या.

पुढल्या हिवाळ्यात शाळा तपासायला वरून तपासनीस येणार होते, त्यांना मुलींची कसरत बघायची होती. मंडळाजवळ दाखवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून नाइलाजानं मला बोलावणं आलं. शाळेच्या आवारात मोठ्या लिंबाला दोरी टांगली. काशी आणि तिच्या मैत्रिणी नऊवारीचा कासोटा घट्ट मारून चढल्या, उतरल्या. तपासनीस खुर्चीतून उठून जवळ आले. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून वकीलसाहेबांची नात शालिनी उठली. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि दोरीपाशी येऊन उभी राहिली. "मास्तर, मलाही चढायचंय."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. माझं तर कित्येक महिन्यांचं मागणं स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं, तेही सगळ्या गावासमोर. तिला दोन हात वर उचलून धरलं असतं तरी मी जिंकलो होतो. काशी माझ्याकडे बघत होती.

"आज नाही बाळ," मी म्हणालो. "इथं आधी उतरायला शिकावं लागतं. सकाळी बागेत ये."

लोक म्हणाले, मास्तरानं तोंडाशी आलेला घास टाकला. मलाही त्या रात्री झोप नीट लागली नाही. साहेब तिला पाठवतील असं वाटत नव्हतं. पण शालिनी हट्टाला पेटली असावी, कारण दोन दिवसांनी गड्याबरोबर ती आली. बुटात वाढलेले पाय ते, अंगठा हलता हलेना. काशीनं तिला आधी जुड्या बांधायला बसवलं. बेचकं सोललं, रक्त आलं. साहेब तणतणत आले, "मास्तर, पोरीच्या पायाची काय दशा केलीत?" मी म्हटलं, "हळद भरा साहेब, काशीच्या पायालाही तीच भरली होती." ते गेले, पण पोरगी येत राहिली. दुसऱ्या दिवशीही, पाऊस लागला तेव्हाही, दसऱ्यापर्यंत.

एका सकाळी साहेब स्वतः तिच्याबरोबर आले आणि काळ्या कोटात चिंचेखाली उभे राहिले. शालिनी सावकाश चढली. मध्ये थांबली, दम घेतला, पुन्हा चढली. फांदीला हात लावला. मग एकेक पकड सोडत, खाली न बघता, न घाई करता उतरली. काशीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि दोघी विहिरीकडे पाणी प्यायला पळाल्या.

साहेबांनी टाळी वाजवली नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कोबेत मी काय बोललो ते गावात कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही साहेब. बायकोलाही नाही."

"आता सांगा," ते म्हणाले.